मायचा हिशोब, दिरांची खात्री आणि एक बक्षीसपत्र

पत्र आलंय वेंगुर्ल्याकडून, नाव अर्थातच देत नाही, लांबलचक होतं म्हणून थोडं छाटलंय:

"काका, माझं माहेर मालवणजवळ, कॅथलिक. सासर प्रोटेस्टंट. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यावरून घरात कधी वाद झाला नाही. माय आता 81 वर्षांची, कंबरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणातच, आमच्याकडेच असते, हातात कायम तेर्साची, म्हणजे कॅथलिक जपाची, माळ. माझे थोरले दीर दोन वर्षांपासून एका नवीन प्रार्थना ग्रुपला जातात. मागच्या महिन्यात ते मायजवळ बसून म्हणाले की या माळेने कोणी वाचत नाही, माणूस फक्त विश्वासाने नीतिमान ठरतो, तुमच्याकडे तारणाची खात्री आहे का? तेव्हापासून मायची झोप उडालीय. रात्री दोनला मला उठवते, विचारते, देव माका घेतलो मा गो? माझो विश्वास पुरो पडतलो मा? आणि हेच दीर, आंब्याच्या बागेत राबलेल्या दोन नेपाळी पोरांची गेल्या सीझनची मजुरी अजून दिलेली नाही. मिस्टरांनी विषय काढला तर म्हणतात, व्यवहार वेगळा, विश्वास वेगळा. नाताळात मायने मला समोर बसवून करवून घेतलेल्या नेवऱ्यांनाही (आपल्या करंज्याच) त्यांनी हात लावला नाही, का तर कॅथलिक रीतीचं. काका, बायबल नक्की काय म्हणतं? आणि मायला मी काय सांगू?"

पोरी, आधी मायचं. दिरांचं नंतर बघू, ते काय रात्री दोनला जागे नसतात.

आज रात्री तिने विचारलं ना, तर तिला "हो, घेतलो" एवढंच सांग. वर काही जोडू नकोस, तुझा विश्वास मोठा आहे माय, तू किती प्रार्थना केल्यास, आम्हाला किती चांगलं वाढवलंस, यातलं काहीच नको. कारण हे सगळं खरं असलं तरी ती परत हिशोबालाच बसणार. आधी माळेचा हिशोब होता, दिरांनी तो पुसून विश्वासाचा मांडून दिला, वही बदलली पण मायचं टेन्शन तेच राहिलं. माझं तुझ्या दिरांशी खरं भांडण इथेच आहे, वाक्य त्यांनी बायबलचंच सांगितलं पण ते अशा रीतीने सांगितलं की विश्वास हेच एक नवीन पुण्यकर्म होऊन बसलं, आणि ते आपल्याला जमलं की नाही हे आता म्हातारीने रात्रभर तपासत बसायचं.

मी काही पाळक नाही हे तुला माहीतच असेल, एकतीस वर्षं कोर्टाच्या आवारात वकिलाकडे कारकुनी केली, दावे, कैफियती, खरेदीखतं, बक्षीसपत्रं यांत आयुष्य गेलं, आणि रविवारी उपासनेत मागच्या बाकावर. पण मला नेहमी वाटतं की पौलाचं, म्हणजे बायबलमधली रोमकरांस, गलतीकरांस वगैरे पत्रं लिहिणाऱ्या प्रेषिताचं, हे जे "नीतिमान ठरणं" आहे ते कोकणातल्या माणसाला चटकन कळायला हवं, कारण आपल्याकडे घराघरात एक तरी दावा असतोच. शब्द बघ ना, "ठरणं". नीतिमान "होणं" नाही म्हटलेलं. पौलाने लिहिलं त्या ग्रीकमध्ये दिकायोओ म्हणून क्रियापद आहे आणि ते कोर्टातलं आहे. बायबलमधलं अनुवाद नावाचं पुस्तक, 25:1 काढून बघ, दोघांत तंटा झाला तर न्यायाधीशांनी निर्दोष असेल त्याला निर्दोष ठरवावं आणि दोषी असेल त्याला दोषी. ठरवल्याने माणूस आतून बदलत नाही, त्याचा निकाल लागतो. निकाल लागला की तो कोर्टाच्या पायऱ्या उतरून घरी जातो, एवढंच.

आता गंमत, म्हणजे गंमत कसली, मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा हादरलोच होतो. नीतिसूत्रे 17:15 मध्ये म्हटलंय की जो दोषीला निर्दोष ठरवतो त्याचा परमेश्वराला वीट आहे. आणि पौल रोमकरांस पत्रात, 4:5 मध्ये, देवाचं वर्णन काय करतो? अधर्म्याला नीतिमान ठरवणारा! ज्या गोष्टीसाठी खालच्या न्यायाधीशाला घरी पाठवतील तीच गोष्ट देव करतो असं हा माणूस बिनधास्त लिहितो. म्हणून त्याला त्याआधीच्याच अध्यायात, 3:24 ते 26 मध्ये, क्रूसाबद्दल बोलावं लागतं, की देवाने पापाकडे काणाडोळा केला नाही, ख्रिस्ताने ते स्वतःवर घेतलं, आणि म्हणून देव स्वतः न्यायी राहूनही दोषीला सोडू शकतो. यशयाच्या 53 व्या अध्यायात हे बी आधीच पडलेलं आहे, तिथला तो दुःख सोसणारा सेवक पुष्कळांना नीतिमान ठरवतो कारण त्यांचे अपराध तो वाहतो. थोडक्यात, घेणाऱ्याला फुकट, पण देणाऱ्याला फुकट पडलेलं नाही.

दिरांना पौल फार आवडतो ना, मग पौलाची पुराव्याची पद्धतही बघून ठेव. तो यहुद्यांच्या मूळपुरुषाचा, अब्राहामाचा (आधीचं नाव अब्राम), दाखला काढतो आणि आमच्या वकीलसाहेबांसारखं पहिलं काय बघतो तर तारीख. उत्पत्ती 15:6, देव म्हाताऱ्या अब्रामाला तंबूबाहेर नेऊन म्हणतो तारे मोज, तुझी संतती एवढी होईल, आणि अब्रामाने विश्वास ठेवला आणि देवाने ते त्याच्या नावे नीतिमत्त्व म्हणून गणलं. हे कधी? त्याचा मुलगा इश्माएल जन्मायच्या आधी, म्हणजे अब्राम 86 वर्षांचा व्हायच्या आधी. आणि देवाशी झालेल्या कराराची खूण, म्हणजे सुंता, कधी? 17 व्या अध्यायात, 99 व्या वर्षी. म्हणजे निकाल आधी लागला आणि खूण निदान तेरा वर्षांनी आली, मग खुणेमुळे निकाल लागला असं म्हणणार कसं? बिनतोड आहे. आणि "गणलं" हा शब्द हिशोबाच्या वहीतला, अमक्याच्या नावे जमा, रोमकरांसच्या एकट्या चौथ्या अध्यायात पौल तो 11 वेळा वापरतो. मजुरी करणाऱ्याला जे मिळतं ते त्याचं येणं असतं, दान नसतं, असंही तिथेच 4:4 मध्ये म्हणतो. ही ओळ लक्षात ठेव, दिरांसाठी लागेल.

हबक्कूक 2:4 पण आहेच, नीतिमान विश्वासाने जगेल, खाल्डी लोक, म्हणजे बाबेलचे, चालून येतायत, सगळं बुडायची वेळ आलीय आणि संदेष्टा बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट बघतोय तेव्हाचं वाक्य ते. पौलाने ते रोमकरांस 1:17 आणि गलतीकरांस 3:11 मध्ये घेतलं, इब्री लोकांस पत्रातही आलंय. पुढे जर्मनीत मार्टिन लूथर नावाचा साधू रोमकरांसच्या या 1:17 वर अडला. त्याची अवस्था तुझ्या मायसारखीच होती, कुमसारावर कुमसार (फादरपुढे पापांची कबुली) करायचा, बाहेर पडला की एखादं पाप राहिलं म्हणून परत जायचा. "देवाचं नीतिमत्त्व" या शब्दांचा त्याला राग यायचा, कारण त्याचा अर्थ तो देव ज्या मापाने आपल्याला शिक्षा करतो ते माप असा घ्यायचा. मग त्याला दिसलं की हे देव मोजायला वापरतो ते नाही, देव देऊन टाकतो ते आहे, आणि स्वर्गाची दारं उघडल्यासारखं वाटलं असं तो म्हातारपणी, 1545 मध्ये, लिहून गेला.

आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, बाई केवढी विद्वान, तरी आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळायचा राहिलाच, आणि मग त्या जशा होत्या तशा त्याच्या स्वाधीन झाल्या. म्हणजे मायला जो प्रश्न पडलाय तो काही अडाण्याचा प्रश्न नाही.

बरं, आता कॅथलिक-प्रोटेस्टंट. दिरांना वाटतं कॅथलिक लोक कर्माने तरायला बघतात. त्यांना सांग, कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने 13 जानेवारी 1547 ला यावर ठराव केला, लूथरला मरून वर्षसुद्धा झालं नव्हतं, ठराव त्याच्या मतांविरुद्धच होता, आणि त्यातला पहिलाच नियम असा की ख्रिस्ताच्या कृपेशिवाय स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं म्हणणारा चर्चच्या बाहेर. पहिलाच! फरक नाहीत असं नाही हां, मी गोडगोड बोलत नाही. आम्ही प्रोटेस्टंट म्हणतो देव निकाल देतो आणि ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपल्या नावे लावतो, कॅथलिक म्हणतात देव नुसता निकाल देत नाही, आतून नीतिमान करतो, ती कृपा सत्कर्मांनी वाढते आणि मोठ्या पापाने जातेही, मग कुमसाराने परत मिळते. स्वतःच्या तारणाची पक्की खात्री असल्याचा दावा माणसाने करू नये, भरवसा देवाच्या दयेवर ठेवावा, असंही त्यांची शिकवण सांगते, त्यामुळे "खात्री आहे का" हा दिरांचा प्रश्न मायला कळलाच नसणार, तिने तो शब्द त्या अर्थाने कधी ऐकलेलाच नाही. मी माझ्या बाजूचाच आहे, मला रोमकरांस वाचून लूथरचं बरोबर वाटतं. पण 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गला लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी एकत्र सही केली, की आपल्या कुठल्याही लायकीमुळे नाही तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, आणि मग सत्कर्मांसाठी उभं करतो. पुढे प्रोटेस्टंटांतलेच मेथडिस्ट 2006 मध्ये सामील झाले, रिफॉर्म्ड मंडळ्या 2017 मध्ये. चारशे-पाचशे वर्षं भांडलेले लोक एका टेबलावर बसू शकले आणि तुझ्या दिरांना नेवरी चालत नाही.

नेवरीवरून आठवलं, हे तर सांगायलाच हवं. गलतीकरांस पत्रात पौल "नियमशास्त्राच्या कर्मांनी नाही, ख्रिस्तावरच्या विश्वासाने नीतिमान ठरतो" हे 2:16 मध्ये लिहितो, पण त्याच्या आधी काय घडलंय? अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र बिगर-यहुदी लोकांच्या पंगतीला बसून जेवत होता, यरुशलेमहून तिथल्या मंडळीच्या पुढाऱ्याकडची, याकोबाकडची, काही माणसं आली तसा पाय काढता घेऊन वेगळा बसायला लागला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर झापलं. म्हणजे हा एवढा मोठा सिद्धांत या पत्रात सुरू होतो तो पंगतीच्या भांडणातून! कोण कोणासोबत जेवू शकतो यातून. विश्वासाने नीतिमान ठरतो म्हणणाऱ्याने दुसऱ्याचं ताट नाकारलं तर तो त्या गोष्टीत पेत्राच्या जागी बसलाय, पौलाच्या नाही. हे दिरांना तू सांगू नको, मिस्टरांना सांगू दे, सख्ख्या भावाचं ऐकतील तर ऐकतील.

आता बक्षीसपत्राची गोष्ट, ही मी मायसाठी राखून ठेवलीय, तिला मालवणीतच सांग.

मी कामाला लागून पाचसहा वर्षं झाली असतील, एका म्हाताऱ्याने आपल्या विधवा पुतणीच्या नावे आंब्याची पंचवीसेक कलमं करून दिली. बक्षीसपत्र म्हणजे विनामोबदला, तो शब्द दस्तात लागतोच, पैसे घेतले तर ते बक्षीसपत्र राहतच नाही, खरेदीखत होतं. पण एक गोष्ट लागते, घेणाराने स्वीकारावं लागतं, देणारा जिवंत असतानाच, 1882 च्या कायद्यात तसं आहे. ती बाई अंगठा उठवताना रडत होती, हात एवढा थरथरत होता की शाई फिसकटली, मी दुसरा कागद घेऊ का विचारलं तर साहेब म्हणाले राहू दे, उमटलाय तेवढा चालतो. दस्त नोंदला गेला. पुढच्या सीझनला ती बाई आंबा विकून रुमालात पैसे बांधून काकाकडे गेली. त्याने घेतले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी परत गेली, आता तरी घ्या, थोडं तरी फिटू दे. तिसऱ्या वर्षी म्हातारा तिला घेऊन थेट आमच्या ऑफिसात, संतापलेला, म्हणतो हिला वाचून दाखवा कागद काय म्हणतो तो, आणि तिच्याकडे वळून, "अगो, मी तां इकूक नाय, दिलंय तुका!"

मी वाचून दाखवला. विनामोबदला या शब्दावर ती गप्प बसली. मला वाटलं रागावली. पण नंतर तो म्हातारा भेटला तर म्हणाला, आता रुमाल बंद झाला, आता आठवड्यातून दोनदा कालवण घेऊन येते, बसते, गप्पा मारते, आधी पैसे पुढे करून पाठ फिरवायची.

तर मायला सांग की थरथरता अंगठा चालतो. विश्वास म्हणजे तो अंगठा आहे, मोबदला नव्हे. अंगठा किती ठसठशीत उठला यावर कलमं तुझी होतात का, ती देणाऱ्याने दिली म्हणून होतात. तिचा विश्वास पुरा पडतो का हा प्रश्नच चुकीच्या माणसाकडे बघून विचारलेला आहे. येशूच्या शेजारी क्रूसावर टांगलेल्या त्या चोराकडे काय होतं? बाप्तिस्मा नाही, एक दिवसाची सेवा नाही, आणि मोठा विश्वास म्हणशील तर "माझी आठवण करा" एवढंच बोलला बिचारा.

आणि तिची माळ काढून घेऊ नका. मी प्रोटेस्टंट आहे, मी तेर्स म्हणत नाही, येशूच्या आईकडे, मारियेकडे, विनंती करण्याबद्दल माझे प्रश्न आहेत ते आहेतच. पण त्या प्रार्थनेचे शब्द कान देऊन ऐक ना, ती म्हणते तरी काय? आम्हा पाप्यांसाठी, आत्ता आणि मरणाच्या वेळी. ही काय कमाई सांगणाऱ्या बाईची भाषा आहे? लूक 18 मध्ये परूशी (धर्म काटेकोर पाळणारा) आणि जकातदार (लोकांत पापी गणलेला कर वसूल करणारा) मंदिरात जातात, परूशी आपली यादी वाचतो, आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्याचा दशांश, आणि जकातदार लांब उभा राहून छाती बडवत म्हणतो मज पाप्यावर दया कर. येशू म्हणतो हा नीतिमान ठरून घरी गेला, तो नाही. पौलाचा शब्द तो हाच, पण इथे खुद्द येशूच्या तोंडी. आता मायच्या खोलीत कोण कुणाच्या जागी उभं होतं ते तूच बघ, मी बोलत नाही.

अजून एक, हे मला एका म्हाताऱ्या पाळकांनी सांगितलं होतं. उत्पत्ती 15:6 मध्ये "विश्वास ठेवला" यासाठी जो हिब्रू शब्द आहे तो "आमेन"च्याच धातूतला. हबक्कूकमधला विश्वासासाठीचा शब्द एमुना, तोही तिथूनच. म्हणजे अब्रामाने ताऱ्यांखाली उभं राहून काय केलं तर देव बोलला त्याला आमेन म्हटलं. दहा-दहा मण्यांच्या पाच भागांच्या एका तेर्सात नमो मारिया ही प्रार्थना 53 वेळा येते, प्रत्येकीच्या शेवटी माय काय म्हणते? हे मात्र तिला जरूर सांग. आणि तिच्या पॅरिशच्या फादरना एकदा घरी बोलावून घे, कुमसार, कम्युनियन, तेलाचा संस्कार, तिला जे हवं ते होऊ दे, तिच्या ओळखीच्या आवाजात ऐकलेलं तिला जास्त लागेल.

राहिले दीर. त्यांचा रोग मायच्या उलट आहे म्हणून त्यांना रोमकरांस नको, याकोबाचं पत्र दे. 2:24 मध्ये याकोब सरळ म्हणतो, माणूस कर्मांनीही नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नाही. अख्ख्या बायबलमध्ये "केवळ विश्वासाने" हे शब्द जोडून येतात ते या एकाच जागी आणि तिथे मागे "नाही" आहे! लूथरने 1522 च्या जर्मन भाषांतरात रोमकरांस 3:28 मध्ये "केवळ" आपल्याकडून घातला, त्यावरून ओरड झाली तेव्हा आमच्या भाषेत तसंच बोलतात म्हणून उत्तर दिलं, आणि याकोबाच्या पत्राला तर गवताचं पत्र म्हणाला, पुढच्या आवृत्त्यांत ते वाक्य काढलं बरं का. पण याकोब पौलाच्या विरुद्ध आहे असं मला वाटत नाही. परत तारखा बघ. पौल 15 वा अध्याय दाखवतो, निकाल लागला तो दिवस. याकोब 22 वा दाखवतो, अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, देवाला अर्पायला घेऊन डोंगर चढला तो, कित्येक वर्षांनंतरचा, आणि म्हणतो तेव्हा आधीचं वचन पूर्ण झालं. बागेचा दस्त कधी झाला हा एक प्रश्न, आणि बागेत माणूस राहतो का, आळी करतो का, पाणी घालतो का हा दुसरा. पौलानेही इफिसकरांस 2:8-9 मध्ये कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, असं लिहून लगेच दहाव्या ओळीत सत्कर्मांसाठीच आपल्याला घडवलंय असं लिहिलंय. आमचे लोक नववीवर पुस्तक मिटतात.

आणि याकोब 5:4. मिस्टरांना म्हणावं हे दिरांसमोर मोठ्याने वाचा, अर्थ सांगू नका. तुमच्या शेतात कापणी करणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवलीत ती ओरडतेय आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेलीय. मग रोमकरांस 4:4, मजुरी हे येणं असतं. कृपा देवाने आपल्यावर करायची असते, आपण मजुरांच्या पैशावर नाही. ती पोरं बहुतेक जूनला पाऊस लागला की गावी जातात, घरी बायको-पोरं वाट बघत असतात, वर्षभर झालं म्हणजे त्यांनी तिकडे उधारी केली असणार. मिस्टरांकडे पोरांचा फोन नंबर असेल तर आधी त्यांना फोन करून रक्कम नीट विचारून घ्या, किती दिवस, काय रोजाने, उचल किती घेतली होती, कागदावर मांडा आणि तो कागद घेऊनच दिरांकडे जा. दीर अगदीच ऐकेनात तर बाग सामायिक आहे का ते बघा, सात-बाऱ्यावर मिस्टरांचंही नाव असेल तर त्यांच्या वाटणीचं त्यांनी लगेच देऊन टाकावं, भावाची वाट बघू नये.

माय आता झोपते का, आणि त्या पोरांचे पैसे पोचले का, दोन्ही कळव. पोस्टकार्ड टाकलंस तरी चालेल, मला व्हॉट्सॲप नीट दिसत नाही.